पाणी घट्ट होण्याची वाट: चर्चिलच्या अस्वलिणी आणि त्यांची पिल्लं

रानजाई (विनिपेग), ८ नोव्हेंबर

वारा पडला आणि गाडीतले सगळे एकदम गप्प झाले. खिडकीपासून पंधरा-वीस पावलांवर, खुरट्या झुडपांच्या आडोशाला एक पांढरी, ध्रुवीय अस्वलीण बर्फाच्या ढिगाला पाठ टेकून बसली होती. आपल्याकडे बाई भिंतीला टेकून बाळाला पाजायला बसते, अगदी तशी. पिल्लू छातीशी. आणि आवाज येत होता, घुर्रघुर्र असा, मांजरीच्या गुरगुरण्यापेक्षा जाड, न थांबणारा. चालक हळूच म्हणाला, पिताना ही पिल्लं अशी गुणगुणतात. शेजारी माझी आई होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "पान्हा आहे गं तिला अजून."

जेमतेम पाच-सात मिनिटं. मग अस्वलीण उठली, आणि उठताना तिच्या कमरेची हाडं कातड्याखाली सरकताना स्पष्ट दिसली. पिल्लू मात्र बाळसेदार होतं. आईचं सगळं लक्ष त्या हाडांकडे. परतीच्या वाटेवर ती एवढंच बोलली, "लेकराला देतीय सगळं, स्वतःला काय राहिलंय?"

मंडळी, मी बरीच वर्षं कॅनडात विनिपेगला आहे. आई सहा महिन्यांसाठी आली आहे, माण तालुक्यातली. तिला चर्चिल दाखवायचं कधीचं मनात होतं. तिथे रस्ता जात नाही. आगगाडीने साधारण १७०० किलोमीटर, दोन दिवस, नाहीतर विमान. आम्ही जाताना आगगाडी घेतली, येताना विमान. प्रवासवर्णन लिहायला हा धागा काढलेला नाही. त्या अस्वलिणीच्या कमरेची हाडं डोळ्यांसमोरून जात नाहीत, म्हणून लिहायला बसले आहे.

चर्चिल हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, वस्ती हजाराच्याही आतली. उन्हाळ्यात उपसागरावरचा बर्फ पूर्ण वितळतो आणि अस्वलांना जमिनीवर यावंच लागतं. जमिनीवर त्यांना खायला जवळजवळ काही नसतं. त्यांचं अन्न म्हणजे सील, आणि सील पकडायला पायाखाली बर्फ हवा. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतो, अस्वल तिथे तासन् तास दबा धरून बसतं, तरी बहुतेक वेळा हात हलवत परततं. एप्रिल ते जून हा त्यांचा सुगीचा काळ. सीलची पिल्लं नुकती जन्मलेली असतात, अंगाने गुबगुबीत आणि अननुभवी. त्या दोन-तीन महिन्यांत अंगावर जेवढी चरबी चढेल ती वर्षाची बेगमी.

नोव्हेंबरात चर्चिलजवळ अस्वलं गोळा होतात त्याचं कारण नदी. चर्चिल नदीचं गोडं पाणी खाऱ्या पाण्याआधी गोठतं, आणि उपसागरातला प्रवाह उत्तरेकडचा बर्फ याच किनाऱ्याला आणून लावतो. म्हणजे सगळ्यात आधी पाणी घट्ट होणार ते इथे, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. ती येऊन बसतात आणि वाट बघतात.

ही वाट लांबत चालली आहे. १९८० च्या दशकाच्या तुलनेत इथल्या अस्वलांचा जमिनीवरचा मुक्काम आता तीन-चार आठवड्यांनी वाढला आहे. बर्फ आधी फुटतो, उशिरा धरतो. आधी फुटणं जास्त वाईट, कारण तो सुगीच्या शेवटच्या आठवड्यांवर घाला असतो. उपास वाढतो आणि उपासाची शिदोरीही कमी होते.

आता गाभण मादीचं बघा. नर-मादीची गाठ वसंतात पडते, पण गर्भ लगेच रुजत नाही. तो शरदापर्यंत तसाच थांबून राहतो. तोवर मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली तरच तो गर्भाशयात रुजतो. हडसन उपसागराच्या पश्चिमेला शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं माद्यांची वजनं घेतली. त्यात असं दिसलं की शरदात १८९ किलोंपेक्षा हलकी असलेली एकही मादी पुढच्या वसंतात पिल्लांसह दिसली नाही. शरीर स्वतःच हिशेब करतं आणि म्हणतं, यंदा नको.

ज्यांचा गर्भ रुजतो त्या किनाऱ्यावर थांबतच नाहीत. चर्चिलच्या दक्षिणेला वापुस्क नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९९६ सालचं. वापुस्क म्हणजे तिथल्या मूळच्या क्री लोकांच्या भाषेत पांढरं अस्वल. तिथे जुन्या ओढ्यांच्या आणि तळ्यांच्या काठच्या मातीत या माद्यांची बिळं आहेत. त्याखालची जमीन बारमाही गोठलेली, म्हणून बिळं टिकतात. मादी आत जाते, डिसेंबरच्या सुमारास विते. पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम सहाशे ग्रॅमचं. भाजीवाल्याने अर्धा किलो कांदे तोलून वर एक टाकावा, तेवढं. डोळे मिटलेले, अंगावर विरळ लव. आईच्या दुधात तीसेक टक्के स्निग्धांश. आपल्या म्हशीच्या दुधात सात-आठ टक्के धरा, म्हणजे कल्पना येईल. त्या दुधावर मार्चपर्यंत पिल्लू दहा-बारा किलोंचं होतं आणि बिळाबाहेर डोकं काढतं.

या सगळ्या काळात आईच्या पोटात अन्नाचा कण नाही. जुलै-ऑगस्टात किनाऱ्याला लागली ती मार्चमध्ये पुन्हा बर्फावर जाईपर्यंत. आठ महिने. त्यात बाळंतपण, त्यात पाजणं.

पश्चिम हडसन उपसागरात १९८७ साली साधारण १२०० अस्वलं होती. २०११ मध्ये ९४९, २०१६ मध्ये ८४२, २०२१ मध्ये ६१८. लोकांना वाटतं अस्वलं उपाशी मरून पडत असतील. तसंही होतं. पण मुख्य घट होते ती पाळण्यातच. पिल्लं कमी जन्मतात, जन्मलेली लहान राहतात, आणि तरुण अस्वलांची फळी विरळ होत जाते. हाडांचा सापळा झालेल्या अस्वलाचा फोटो जगभर फिरतो. जे पिल्लू रुजलंच नाही त्याचा फोटो कोण काढणार?

हे माझ्या फार आत गेलंय. तुमच्यापैकी कुणी या विषयावर वाचलं असेल, त्या भागात राहिलं असेल तर जरूर लिहा.

गंधाली, ८ नोव्हेंबर

"पान्हा आहे गं तिला अजून" या वाक्याला थांबले. काकूंना नमस्कार सांगा.

एक विचारू? चित्रांत नेहमी आईबरोबर दोन पिल्लं दिसतात. तुमच्या अस्वलिणीबरोबर एकच होतं?

रानजाई, ८ नोव्हेंबर

सांगते काकूंना.

हो, एकच. बहुधा दोन जन्मतात, कधी एक. या भागात पूर्वी तिळी अधूनमधून दिसत, आता ती फार क्वचित. हिला जन्मतःच एक होतं की दुसरं वाटेत गेलं, ते कळायला मार्ग नाही. पहिलं वर्ष फार कठीण असतं. बिळातून बाहेर आल्यावर पिल्लांना थेट समुद्रावरच्या बर्फापर्यंत चालत जायचं असतं, आणि तिथे आईला शिकार मिळाली तरच दूध टिकतं.

आणखी एक. इथे पूर्वी बरीच पिल्लं दीड वर्षाची झाली की आईला सोडून स्वतंत्र व्हायची. जगात इतरत्र अडीच वर्षं लागतात, इथे वर्षभर आधीच, कारण इथली सुगी इतकी चांगली होती. १९८० च्या सुरुवातीला हे अगदी नेहमीचं होतं. आता दीड वर्षाचं पिल्लू एकटं फिरताना दिसणं दुर्मीळ झालंय. दूध लवकर तुटत नाही, कारण पोर स्वतःच्या पायावर उभं राहण्याइतकं भरतच नाही. आणि ते आईला चिकटून राहिलं की पुढचं बाळंतपणही लांबतं.

मेळघाटी, ९ नोव्हेंबर

आमच्याकडे अस्वलीण पिल्लांना पाठीवर बसवून नेते. लहानपणी वडिलांबरोबर रानात गेलो असताना संध्याकाळी पाहिलं होतं, दोन काळे गोळे केसांना घट्ट धरून बसलेले. पांढरी अस्वलीण असं करते का?

रानजाई, ९ नोव्हेंबर

कधीमधी करते. खोल भुसभुशीत बर्फात किंवा पाण्यात पिल्लू पाठीवर चढलेलं पाहिल्याच्या नोंदी आहेत. पण आपल्या अस्वलासारखी ती रोजची सवय नाही. तुम्ही पाहिलेलं दृश्य एकदा वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहा ना.

सह्यकडा, ९ नोव्हेंबर

लेख मनापासून लिहिलाय, पण एक शंका स्पष्ट मांडतो, राग नसावा. १९६० च्या दशकात जगात पाचेक हजार अस्वलं होती आणि आज पंचवीस हजारांच्या वर आहेत, असं मी अनेक ठिकाणी वाचलंय. तसं असेल तर संख्या वाढलीच आहे. शिवाय कॅनडातल्या उत्तरेकडचे इनुइट लोकसुद्धा म्हणतात की अस्वलं पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. ते तर तिथेच राहतात. मग खरं काय मानायचं?

प्राणिशास्त्राचा_मास्तर, ९ नोव्हेंबर

सह्यकडा, प्रश्न रास्त आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, निवृत्त झालो, तेव्हा जरा विस्ताराने लिहितो.

साठच्या दशकातल्या त्या आकड्याला मोजणीचा आधार नाही. तेव्हा कुणी विमानातून पद्धतशीर गणना केलेलीच नव्हती, वेगवेगळ्या लोकांचे अंदाज होते. आजचा जागतिक अंदाज सुमारे २६,००० चा आहे, आणि त्यातही अलीकडे-पलीकडे काही हजारांची तफावत धरलेली आहे. अंदाज आणि मोजणी शेजारी मांडून वाढ काढता येत नाही.

तरी तुमच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. त्या काळात विमानातून, बोटीतून, सापळा-बंदुका लावून बेसुमार शिकार चालायची. १९७३ साली ऑस्लोमध्ये कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी करार केला आणि शिकारीला लगाम बसला. त्यानंतर काही भागांत अस्वलं सावरली. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे पाच देश एका प्राण्यासाठी एका टेबलाशी बसले, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण शिकार थांबवणं हा एक उपाय होता, तो एका संकटावर चालला. आताचं संकट वेगळं आहे. जगातली अस्वलं एकोणीस-वीस गटांत विभागलेली आहेत आणि प्रत्येक गटाचा बर्फ वेगळा. काही गट स्थिर आहेत. अगदी उत्तरेकडे, जिथे बर्फ पूर्वी फार जाड होता, तिथे तो थोडा पातळ झाल्याने सध्या सीलच्या शिकारीला सोयीचंही झालंय. पश्चिम हडसन आणि अलास्काच्या उत्तरेचा ब्यूफोर्ट समुद्र इथे मात्र घट स्पष्ट आहे. सगळ्यांची बेरीज करून एक आकडा सांगितला की हा फरक पुसला जातो.

अलास्काकडे बिळांचंही बघण्यासारखं आहे. पूर्वी तिथल्या बहुसंख्य माद्या समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फातच बीळ करत. १९८५ ते १९९४ मध्ये अशा बिळांचं प्रमाण ६२ टक्के होतं, १९९८ ते २००४ मध्ये ते ३७ टक्क्यांवर आलं. बाळंतपणाला पाण्यावरचं घर आता भरवशाचं राहिलं नाही, म्हणून त्या जमिनीवर येतात. आणि तिथल्या किनाऱ्यावर तेलाचे कारखाने, रस्ते, वाहनं.

रानजाई, १० नोव्हेंबर

मास्तर, मनापासून आभार. इनुइट लोकांबद्दल मी लिहिते.

सह्यकडा, ते लोक खोटं बोलत नाहीत. त्यांना अस्वलं खरोखर जास्त दिसतात, काही भागांत ती जास्त असतीलही. पण अस्वल जेवढे जास्त दिवस जमिनीवर, तेवढं ते गावाजवळ येणार, हेही त्यात आहे. नानुक हे त्यांचं या प्राण्यासाठीचं नाव, आणि त्यांचं त्याच्याशी नातं हजारो वर्षांचं आहे. शिकार त्यांच्या अन्नाचा, कपड्यांचा भाग आहे आणि ती ठरवून दिलेल्या मर्यादेत होते. ज्या गावात पोरांना शाळेत पाठवताना अस्वलाची भीती असते, तिथल्या माणसाला दूर शहरातून कुणी "अस्वलं कमी झालीत" असं सांगितलं तर त्याला राग येणारच. मला तो राग समजतो. पण त्या रागाने उपसागर वेळेवर गोठत नाही.

सह्यकडा, १० नोव्हेंबर

दोघांचेही आभार. पाच हजारांचा आकडा मी इतक्या वेळा वाचला होता की तो कुठून आला हे कधी विचारलंच नाही. धागा वाचतोय.

वास्कोकर, ११ नोव्हेंबर

उशिरा आलो. मी गोव्यात वास्कोला राहतो. इथे आपली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था आहे, आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंड इथे आपलं हिमाद्री नावाचं केंद्र २००८ पासून चालतं. यंत्रसामग्रीच्या कामासाठी एका उन्हाळ्यात मला तिथे राहायची संधी मिळाली.

पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे बंदूक चालवायचं शिक्षण. मी आयुष्यात तोवर बंदुकीला हात लावला नव्हता. वस्तीबाहेर जायचं तर बरोबर बंदूक, आवाज करून अस्वलाला पळवायचं पिस्तूल आणि बिनतारी संच. शिकवणारा माणूस पुन्हा पुन्हा एकच सांगायचा, गोळी चालवावी लागली तर चूक तुमची, कारण त्याआधी तुम्ही नीट पाहिलं नाही. वस्तीतल्या घरांची दारं कुणी कुलूप लावून ठेवत नाही. अस्वल आलं तर ज्याला जे दार जवळ, त्याने त्यात शिरायचं.

अस्वल मी एकदाच पाहिलं, दुर्बिणीतून, फिऑर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाडीच्या, पलीकडच्या काठाला. मादी आणि वर्षाचं पिल्लू. आधी कळेचना ती काय करतायत. पावलं मोजत चालायची, थांबायची, मान खाली घालायची, पुन्हा चालायची. मग लक्षात आलं की पक्ष्यांची घरटी एकेक करून रिकामी करत होती. हंस-बदकांची अंडी. वरती पक्ष्यांचा एकच कल्लोळ. पिल्लू आईच्या मागोमाग अगदी तसंच करत होतं, मान खाली घालण्याची पद्धतसुद्धा तीच. तास-दीड तास मी दुर्बीण सोडली नाही.

तिथल्या जुन्या लोकांनी सांगितलं की तो फिऑर्ड पूर्वी हिवाळ्यात चांगला गोठायचा, त्यावरून मोटारस्लेज जायच्या. २००६ च्या सुमारापासून अटलांटिकचं गरम पाणी आत शिरायला लागलं आणि तसा बर्फ धरेनासा झाला. म्हणून अस्वलं अंड्यांवर, आणि आता रेनडिअरवरही. २०२० च्या ऑगस्टमध्ये स्वालबार्डच्याच हॉर्नसुंड फिऑर्डमध्ये अस्वलाने रेनडिअरचा पाठलाग करून त्याला पाण्यात बुडवून मारल्याचं चित्रण झालेलं आहे.

मला सांगायचं आहे ते हे, की ही जनावरं हातावर हात ठेवून बसलेली नाहीत. जे मिळेल ते शिकतायत आणि पोरांना शिकवतायत.

गंधाली, ११ नोव्हेंबर

वास्कोकर, मग यात आशा आहे ना? अंडी, रेनडिअर, किनाऱ्यावरची फळं खाऊन ती जगणार नाहीत का?

प्राणिशास्त्राचा_मास्तर, ११ नोव्हेंबर

गंधालीताई, स्वालबार्डला रेनडिअर आहेत, पक्ष्यांच्या वसाहती आहेत, तिथे थोडाफार आधार मिळतो. हडसन उपसागराचं चित्र निराळं आहे. तिथे नेमक्या याच प्रश्नासाठी २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बसवले होते. उन्हाळ्यातले तीनेक आठवडे ती जमिनीवर काय करतात ते पाहिलं. अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही अस्वलं नुसती पडून राहिली, जणू उपास करायचाच आहे तर हलायचं कशाला. काहींनी फळं, गवत, समुद्रशेवाळ, मेलेले पक्षी, हाडं असं काहीबाही खाल्लं. काही दूरवर पोहत गेली, एक तर १७५ किलोमीटर. आणि शेवटी २० पैकी १९ अस्वलांचं वजन घटलं, दिवसाला साधारण एक किलो. जे फिरले त्यांचंही, जे पडून राहिले त्यांचंही. शोधायला जेवढी शक्ती गेली, तेवढीच जेमतेम खाण्यातून परत आली.

२०२५ च्या सुरुवातीला टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला, रानजाईंच्या लेखाला दुजोरा देणारा. पश्चिम हडसनमधल्या मायलेकरांची ३७ वर्षांतली वजनं त्यांनी पाहिली. आईचं सरासरी वजन ३९ किलोंनी घटलं होतं, आणि वर्षाच्या पिल्लाचं २६ किलोंनी. वर्षाच्या पोराचे २६ किलो म्हणजे पुढच्या हिवाळ्याचा त्याचा जीवच.

शाळेच्या_बाई, १२ नोव्हेंबर

हा धागा मी सातवीच्या वर्गात वाचून दाखवला. मुलं अर्धा तास बोलत होती. त्यांचे दोन प्रश्न जसेच्या तसे देते. "त्यांना आपणच मासे-मटण का नाही नेऊन टाकत?" आणि "दक्षिण ध्रुवावर भरपूर बर्फ आहे, तिकडे का नाही सोडत?" मी मला जमेल तसं उत्तर दिलं, पण तुमच्याकडून ऐकायला त्यांना आवडेल.

रानजाई, १२ नोव्हेंबर

बाई, मुलांना माझ्याकडून शाबासकी. दोन्ही प्रश्न मोठ्या माणसांनीही विचारलेले आहेत.

पहिल्याचं उत्तर चर्चिलने अनुभवाने शिकलंय. तिथे गावाबाहेर कचऱ्याची मोठी उघडी जागा होती. अस्वलं तिथे यायची, आया पिल्लांना घेऊन यायच्या. खाणं मिळायचं, पण त्याबरोबर प्लास्टिक, काचा, बॅटऱ्या. आणि माणसाच्या वासाचा अर्थ खाणं, असं पिल्लांच्या डोक्यात पक्कं बसायचं. मग ती घरात शिरणार आणि गोळी खाणार. शेवटी ती जागा बंद केली. आता गावात आलेल्या अस्वलाला पकडून एका जुन्या लष्करी इमारतीत ठेवतात. तिथे पाणी देतात, खायला मुद्दाम देत नाहीत, म्हणजे परत यायची गोडी लागू नये. मग बर्फ धरला की किंवा जागा कमी पडली की हेलिकॉप्टरखाली जाळ्यात झोपवून लांब नेऊन सोडतात. आई आणि पिल्लं असतील तर शक्य तितक्या लवकर नेतात, आणि पिल्लांना बहुतेक वेळा आत, माणसांच्या शेजारी ठेवतात. गावकरी मोटारींची दारं उघडी ठेवतात, रस्त्यात कुणावर वेळ आलीच तर आत शिरता यावं म्हणून. वास्कोकरांच्या न्यू-ऑलेसुंडसारखंच.

आणि मुलांनो, हजारो अस्वलांना वर्षानुवर्षं पुरेल इतकी चरबी आणायची कुठून? त्यासाठी समुद्रातले सील मारावे लागतील, म्हणजे पुन्हा तेच.

दुसरं. दक्षिण ध्रुवाकडे पेंग्विन आहेत, आणि तिथल्या पेंग्विनांना, सीलांना जमिनीवरच्या मोठ्या शिकारी जनावराची कधी ओळखच झालेली नाही. ती पळणार नाहीत. अस्वल वाचवायला गेलो आणि तिथलं सगळं उद्ध्वस्त केलं असं होईल. शिवाय तिथलाही बर्फ सुरक्षित राहिलेला नाही.

शाळेच्या_बाई, १३ नोव्हेंबर

मुलांनी उत्तर फळ्यावर उतरवून घेतलंय. एका मुलीने विचारलं, आई मेली तर पिल्लाचं काय होतं? मला पुढे बोलवेना.

रानजाई, १३ नोव्हेंबर

तिला खरंच सांगा, लहान पिल्लू एकटं जगत नाही. विनिपेगच्या प्राणिसंग्रहालयात चर्चिलकडून आणलेली अशी काही पोरकी पिल्लं आहेत. मी अधूनमधून जाते. काचेच्या बोगद्यावरून ती पोहत जातात, तळपायांची लव दिसते. पोरं खूश होतात, मला मात्र जरा जड जातं. शिकार शिकवायला आई नसल्याने त्यांना परत बर्फावर सोडता येत नाही.

पण हेही त्या मुलीला सांगा. २०२५ साली चर्चिलजवळ एक अस्वलीण दिसली, तिच्याबरोबर दोन पिल्लं. संशोधकांनी तिला त्याच वसंतात पाहिलं होतं, तेव्हा एकच पिल्लू होतं आणि त्याच्या कानाला खूण लावलेली होती. शरदातल्या दुसऱ्या पिल्लाच्या कानाला खूण नव्हती. म्हणजे मधल्या काळात कुणाचं तरी लेकरू तिने आपलं म्हटलं. जवळजवळ पन्नास वर्षांच्या अभ्यासात अशी उदाहरणं डझनभरच आहेत. ती असं का करते हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आईला हे सांगितलं तर तिला त्यात नवल वाटलंच नाही. म्हणाली, "रडणारं लेकरू बघून कोण पुढं जाईल?"

मेळघाटी, १३ नोव्हेंबर

डोळे भरून आले.

आप्पा७१, १५ नोव्हेंबर

मी फार शिकलेला नाही, पण शेती केली आहे. मृग कोरडा गेला तर काय होतं हे ज्याने भोगलंय त्याला हे सगळं लगेच कळतं. पाऊस महिनाभर लांबला की गुरं विकायची वेळ येते. वर्षाचा पाऊस पडतोही, पण वेळेवर पडत नाही, तेव्हा शेत जातं. या जनावरांचा बर्फ तसाच दिसतोय. धरतो, पण वेळेवर नाही.

एक विचारायचं आहे. हे गरम कुठवर होणार? थांबवता येईल का?

प्राणिशास्त्राचा_मास्तर, १५ नोव्हेंबर

आप्पा, तुम्ही अगदी नेमकं धरलंत.

आर्क्टिकचा प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतोय. पांढरा बर्फ ऊन परतवतो, बर्फ गेला की खालचं काळं पाणी तेच ऊन पितं, मग आणखी बर्फ वितळतो. सप्टेंबरात तिथला बर्फ वर्षातला सगळ्यात कमी असतो. उपग्रहांच्या नोंदीतला नीचांक २०१२ चा, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर.

२०२० साली एक अभ्यास आला होता. प्रत्येक गटातली अस्वलं किती दिवस उपास सोसू शकतात ते काढून त्यांनी पुढचा हिशेब मांडला. कोळसा-तेलाचा धूर असाच वाढत राहिला तर २१०० पर्यंत अगदी उत्तरेकडचे थोडे गट सोडून बाकीच्यांची पिल्लं जगणं थांबेल. सगळ्यात आधी फटका बसतो तो पिल्लांना. धूर कमी केला तर मात्र बरेच गट टिकतात. समुद्रावरच्या बर्फाचं एक बरं आहे, हिमनदीसारखा तो हजारो वर्षांचा साठा नसतो. हवा थंड राहिली तर तो त्याच हिवाळ्यात परत धरतो. म्हणून थांबवता येईल का याचं उत्तर, हो, येतं. कुणी किती करायचं यावर देश वर्षानुवर्षं घासाघीस करतायत, आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

वास्कोकर, १६ नोव्हेंबर

मास्तरांना दुजोरा. लहान गोष्टीही उपयोगी पडतात. स्वालबार्डमध्ये २०२५ च्या सुरुवातीपासून अस्वलापासून निदान ३०० मीटर लांब राहायचं बंधन आहे, आणि मार्च ते जून ५०० मीटर. म्हणजे आई पिल्लांना घेऊन नुकती बिळाबाहेर आलेली असते, शिकार करत असते, तेव्हा पर्यटकांच्या बोटींनी तिला पळवू नये. प्रत्येक वेळी पळाली की चरबी जळते. मी तिथे असताना हा नियम नव्हता आणि बोटी फार जवळ जाताना पाहिल्या आहेत.

रानजाई, २७ नोव्हेंबर

धागा वर काढते आहे, कारण तीन-चार जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं की तुमच्या अस्वलिणीचं पुढे काय झालं.

तीच कोणती ते मला सांगता येणार नाही, तिच्या कानाला खूण नव्हती. आमच्या गाडीच्या चालकाशी काल बोलणं झालं. किनाऱ्याला कडेकडेने बर्फ धरलाय, पण दक्षिणेचा वारा सुटला की तुटून आत वाहून जातो. मोठे नर पुढे जाऊन चाचपून येतायत. आया पिल्लांना घेऊन अजून आतल्या बाजूला, झुडपांमध्ये थांबल्या आहेत, नरांपासून लांब. एकीला त्याने परवा पाहिलं, एका पिल्लासह. पिल्लू खेळत होतं आणि ती पडून होती, असं म्हणाला. जास्त मी विचारलं नाही.

आईचं परतीचं तिकीट डिसेंबरातलं आहे. सकाळी उठली की चहाच्या आधी ती माझ्या फोनवर चर्चिलचं हवामान बघायला लावते. माणमध्ये असताना ती जूनमध्ये रोज आभाळ बघायची तसं. आज उणे नऊ होतं. तिने विचारलं, "एवढ्यात धरतं का गं?" मी म्हटलं, अजून थोडं उतरायला हवं, आणि वारा पडायला हवा. मग ती बराच वेळ खिडकीत उभी होती.